अचलपूर की बऱ्हाणपूर?

दिवाळीत घरी गेलो की हाताशी पाच दिवस असतात. त्यातले तीन फराळ, पाहुणे आणि दुपारची झोप यात जातात. अर्धा दिवस बँकेत. उरला दीड. यंदा हा दीड दिवस आई-बाबांना घेऊन एखादं जुनं शहर बघून यायचं असं ठरवलं. देवळं झाली, चिखलदऱ्याचा धबधबा झाला, शेगाव तर इतक्यांदा झालंय की गाडी आपोआप तिकडे वळते. शहर राहिलं होतं.

घर म्हणजे नांदगाव पेठ. अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागलात की थोड्याच वेळात लागतं. टोल नाका आणि एमआयडीसी, हायवेवरून जाणाऱ्यांना आमचं गाव तेवढंच माहीत. (नांदगाव खंडेश्वर वेगळं. हे वाक्य मी आयुष्यात किमान हजार वेळा बोललोय.)

चर्चा होता होता यादीत दोनच नावं राहिली. एक अचलपूर, घरापासून साठ-पासष्ट किलोमीटर. दुसरं बऱ्हाणपूर, मेळघाट ओलांडून मध्य प्रदेशात, दोनशेच्या पुढे. गंमत म्हणजे अमरावतीहून बऱ्हाणपूरला जाणारा रस्ता परतवाडा, सेमाडोह, हरिसाल, धारणी असा जातो. आणि परतवाडा म्हणजे अचलपूरचंच जुळं गाव. म्हणजे दुसऱ्या शहराला जायचं तर पहिल्याच्या वेशीवरूनच जावं लागतं. प्रश्न एवढाच की तिथे गाडी थांबवायची की पुढे काढायची.

बाबांचं मत पक्कं होतं. "मले त बऱ्हाणपूरच पाहाचं हाये."

यामागे कारण आहे. बाबा एसटीत कंडक्टर होते. त्यातली १९ वर्षं अमरावती-परतवाडा गाडीवर, अधूनमधून धारणी. धारणीच्या पुढे त्यांची गाडी कधी गेली नाही. बऱ्हाणपूरची पाटी लावलेली गाडी शेजारच्या फलाटावरून सुटायची आणि ते बघत राहायचे. आता त्यांचं वय ७४, दोन्ही गुडघे कुरकुरतात. जिने चढायचं काही असेल तर यावर्षीच, पुढच्या वर्षीचं कोणी सांगावं!

"आणि अचलपूर?" मी विचारलं.

"अचलपूरले काय हाये? अचलपूर त आपलं रोजचंच."

आईने तटस्थ राहून एकच अट घातली. "बऱ्हाणपूरले गेले त खव्याची जिलेबी आणजा."

आता आपण पडलो सॉफ्टवेअरवाले. दोन पर्याय दिसले की हात आपोआप एक्सेलकडे जातो. रात्री बसून एक शीट केली. बघण्यासारख्या गोष्टी, अंतर, रस्ता, जेवण, मुक्काम, चढ-उतार, आणि एक कॉलम नुसता 'गोष्ट'. म्हणजे त्या शहराला सांगण्यासारखी गोष्ट आहे का. प्रत्येकाला दहापैकी मार्क. माझा प्रामाणिक समज होता की बऱ्हाणपूर एकतर्फी जिंकणार.

बऱ्हाणपूरची बाजू आहेच तशी भक्कम. तापीच्या काठावरचं हे शहर खानदेशच्या फारुकी सुलतानांनी वसवलं आणि सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं नाव त्याला दिलं. फारुकींची सत्ता दोनशे वर्षं टिकली. इथल्या जामा मशिदीत अरबीच्या जोडीला चक्क संस्कृत शिलालेख आहे. १६०१ मधे जवळचा असीरगड अकबराच्या हाती पडला आणि खानदेश मोगलांचा झाला. त्यानंतर बऱ्हाणपूर म्हणजे दख्खनचं दारच. जो कोणी मोगल शहजादा दक्षिणेत मोहिमेवर येणार, तो आधी इथे तळ टाकणार. इंग्रज राजाचा वकील सर थॉमस रो १६१५ मधे सुरतेहून बादशहाकडे जाताना इथे येऊन शहजादा परवेझला भेटला. मिर्झाराजे जयसिंग १६६७ मधे वारले ते इथेच. १६८१ च्या सुरवातीला संभाजीराजांनी झडप घातली तीही याच शहरावर.

आणि मग मुमताज महल. जून १६३१ मधे चौदाव्या बाळंतपणात ती बऱ्हाणपूरला गेली. शहाजहान खानजहान लोदीच्या मागावर दख्खनमधे आला होता. तापीच्या पलीकडे जैनाबादच्या बागेत तिला पुरलं, आणि सहा महिन्यांनी शव आग्र्याला नेलं. ताजमहालाची गोष्ट खरं तर इथे सुरू होते. 'गोष्ट' या कॉलममधे दहापैकी दहा!

त्याच काळाबद्दल वाचताना आणखी एक सापडलं. १६३० ते १६३२ ही गुजरात आणि दख्खनच्या भयंकर दुष्काळाची वर्षं. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६३० मधे सुरतेहून आग्र्याला याच रस्त्याने गेला, आणि वाटेत दिसलेली भुकेली, मेलेली माणसं त्याने लिहून ठेवली. राणीच्या मृत्यूची आठवण म्हणून जगातली सगळ्यात प्रसिद्ध कबर उभी राहिली. आजूबाजूला मेलेल्यांची आठवण एका परक्या प्रवाशाच्या वहीत राहिली. हे वाचल्यावर थोडा वेळ लॅपटॉप बंद करून बसलो.

मला स्वतःला ओढ होती ती कुंडी भंडाऱ्याची. पाण्याचा प्रश्न म्हटला की आपल्याला टँकर आठवतो. १६१५ मधे, अब्दुर रहीम खान-ए-खानानच्या कारकिर्दीत बऱ्हाणपुरात जमिनीखालून पाणी आणलं गेलं. (हो, हिंदीच्या पुस्तकातले दोहेवाले रहीम ते हेच.) सातपुड्याच्या उतारावरून मुरणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांत गोळा करायचं आणि नुसत्या उताराच्या जोरावर शहरापर्यंत आणायचं. वर ठरावीक अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या, शंभरच्या वर. हवा खेळती राहायला आणि साफसफाईला. पंप नाही, वीज नाही. तंत्र इराणी. २०२४ मधे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचं नाव गेलं. फक्त खरी मजा बघायची तर एका कुंडीतून खोल खाली उतरावं लागतं. बाबांच्या गुडघ्यांच्या कॉलममधे तिथे शून्य पडलं.

आता अचलपूर. माझ्या पिढीला हे नाव म्हणजे परतवाड्याच्या जोडीला उच्चारायचं गाव. पुण्यात ऑफिसमधे 'अमरावती' सांगितलं की लोक विचारतात, आंध्रमधलं का? अचलपूरची काय कथा! पण एकेकाळी परिस्थिती उलटी होती. तेव्हा अमरावतीला कोणी विचारत नव्हतं आणि एलिचपूर दिल्लीपर्यंत ठाऊक होतं.

१२९६ मधे अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, तो एलिचपूरवरून. सातपुडा उतरून इथे थोडा दम घेतला आणि पुढे निघाला. रामदेवरायाने तहात ज्या मुलखाचा वसूल दरसाल पाठवायचं कबूल केलं तो मुलूखही एलिचपूरचाच. तो वसूल यायचा थांबला म्हणून पुढे मलिक काफूर आला. म्हणजे यादवांच्या शेवटाची गोष्ट शाळेत पाठ केली, त्यातलं हे गाव आपल्या घरापासून तासा-दीड तासावर आहे हे मात्र कोणी सांगितलं नाही.

मागे जायचं तर अजून जाता येतं. अचलपूरजवळच्या चम्मक गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. म्हणजे दीड हजार वर्षांहून जुनं दानपत्र, आणि त्यात हेच गाव जुन्या नावाने, चर्मांक म्हणून. चम्मक आजही चम्मकच आहे. नाव इतकी वर्षं टिकतं, याचं मला फार नवल वाटतं. आमच्याकडे व्हेरिएबलचं नाव दोन रिलीजमधे बदलतं.

बहामनी काळात वऱ्हाडच्या सुभेदाराचं ठाणं एलिचपूर. १४९० मधे फत्हुल्ला इमाद-उल-मुल्क स्वतंत्र झाला आणि इमादशाही सुरू झाली. हा माणूस फरिश्ताच्या सांगण्यानुसार मूळचा कानडी हिंदू घरातला. विजयनगरच्या लढाईत मुलगा असताना पकडला गेला, वऱ्हाडात वाढला, आणि शेवटी वऱ्हाडचाच राजा झाला. आता सांगा, 'गोष्ट' कॉलममधे याला किती मार्क द्यायचे? इमादशाही १५७४ मधे अहमदनगरच्या निजामशाहीने गिळली. १५९६ मधे चांदबिबीने वऱ्हाड अकबराच्या मुलाला, मुरादला देऊन टाकलं. 'आइने अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची राजधानी म्हणून एलिचपूरचीच नोंद आहे.

आणि ही दोन शहरं एकमेकांना चांगली ओळखत होती. मधे मेळघाट, पण शेजारी ते शेजारी. १५२० च्या दशकात इमादशाह आणि फारुकी सुलतान एकत्र होऊन अहमदनगरशी लढले आणि एकत्रच हरले. १८०३ च्या दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात तर एकाच सैन्याने दोन्ही बघितली. ऑक्टोबरमधे कर्नल स्टीव्हन्सनने शिंद्यांकडून बऱ्हाणपूर आणि असीरगड घेतला. २९ नोव्हेंबरला आडगावची लढाई झाली. त्या लढाईतल्या जखमींसाठी आर्थर वेलस्लीने एलिचपूरला इस्पितळ लावलं आणि १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. दोन दिवसांनी नागपूरच्या भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन, वॉटर्लूवाला. नेपोलियनच्या आधी त्याने चिखलदऱ्याचा घाट चढला होता, ही माहिती ऑफिसच्या कॅन्टीनमधे टाकून बघा, मजा येते.

तर शीटमधे टोटल मारली. बऱ्हाणपूर ४४, अचलपूर ४१. इतका कमी फरक बघून मीच चकित. एक्सेल आपलं काम करून मोकळं झालं, पण मला एक नवाच किडा चावला. दोघांची मुळात बरोबरी होती, तर एक शहर इतकं गाजलं आणि दुसरं इतकं विसरलं गेलं, ते का?

मला जे उत्तर सापडलं ते रस्त्याचं आहे. बऱ्हाणपूर सुरत-आग्रा हमरस्त्यावर होतं. सुरत हे बंदर, आग्रा राजधानी. जो परदेशी येणार तो या वाटेने जाणार, मुक्काम करणार, आणि घरी जाऊन पुस्तक लिहिणार. रो, मंडी, तावेर्निये, सगळे असेच. एलिचपूर या वाटेच्या बाजूला पडलं. तिथे सुभेदार होते, बागा होत्या, मशिदी होत्या, पण वही घेऊन जाणारा प्रवासी नव्हता.

मग रेल्वे आली. मुंबईहून जबलपूरकडे जाणारी मुख्य लाईन बऱ्हाणपूरवरून गेली. नागपूरची लाईन भुसावळहून पूर्वेला वळली आणि अकोला, मुर्तिजापूर, बडनेरा अशी कापसाच्या मुलखातून सरळ गेली. एलिचपूर वर उत्तरेला राहून गेलं. अमरावतीला निदान बडनेऱ्याहून फाटा मिळाला, कापसाचा बाजार वाढला, कचेऱ्या आल्या. एलिचपूर हा इंग्रजांच्या काळात स्वतंत्र जिल्हा होता, तोही १९०५ मधे अमरावती जिल्ह्यात विलीन झाला. आपण ज्याला गाव समजतो ते कालपर्यंत जिल्ह्याचं ठिकाण होतं आणि परवापर्यंत राजधानी! गावाला रेल्वे मिळाली ती मुर्तिजापूरची नॅरोगेज, आपली शकुंतला. तीसुद्धा आता बंद.

हे सगळं मी रात्री जेवताना बाबांना सांगत होतो. मुमताजवर त्यांनी मान डोलावली, कुंडी भंडाऱ्यावर "वा!" म्हणाले. मग मी हौज कटोऱ्याबद्दल बोललो. अचलपूरच्या पश्चिमेला, गावाबाहेर एक मोठा हौद, आणि त्याच्या मधोमध अष्टकोनी दगडी मनोरा. मजल्यावर मजला, चहूबाजूंनी कमानी. सुलतानांच्या काळातला.

बाबांचा घास हातातच राहिला. "अचलपूरले?"

"हो. परतवाडा स्टँडपासून फार लांब नाही."

"मंग मले कोणी सांगतलं काऊन नाही?"

त्यांचा आवाज जरा चढला होता. आईने माझ्याकडे बघितलं. मला उत्तर सुचेना. १९ वर्षं माणूस एखाद्या गावाची तिकिटं फाडतो. परतवाड्याला गाडी लागली की अर्धा-पाऊण तास हातात असायचा. तेवढ्यात चहा, हिशोब, पेपर. मनोरा तिथेच होता. पण बघायला म्हणून कोणी आपल्या रोजच्या गावात उतरत नाही, आणि रोजची माणसं एकमेकांना हे सांगतही नाहीत. त्यांना वाटतं, समोरच्याला माहीतच असणार.

थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "उद्या तिथंच जाऊ. बऱ्हाणपूर पाहू नंतर."

मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला बऱ्हाणपूर बघायचं होतं ना? गुडघ्यांचं काय सांगता येतं?"

"बऱ्हाणपूर त अख्खी दुनिया पाहाते. आपलं आपण नाही पाह्यलं त कोण पाहीन?"

झालं. शीटमधे हा कॉलमच नव्हता.

सकाळी सातला निघालो. वलगाव, आसेगाव, पूर्णेचा पूल. बाबा पुढच्या सीटवर बसून प्रत्येक थांबा आधीच सांगत होते. कुठे दुधाच्या कॅनवाले चढायचे, कुठल्या फाट्यावर शाळेची पोरं पास न दाखवता घुसायची. परतवाडा आलं. हे इंग्रजी अमदानीतलं छावणीचं गाव, त्यामुळे रस्ते जरा मोकळे. तिथून अचलपूर लगेच. पण आत शिरलो की शंभर-दोनशे वर्षं मागे गेल्यासारखं होतं. दुल्हा गेट समोर आलं आणि बाबा म्हणाले, "हे माईत हाये." कमानीखालून आजही दुचाकी, हातगाड्या, शाळकरी पोरं जात-येत असतात. दरवाजा दरवाजाचं काम करतोय. गावाला वळसा घालून सापन आणि बिच्छन या दोन नद्या. बिच्छनच्या काठावर दुल्हा रहमानचा दर्गा. वेशीचं नाव त्यांच्यावरूनच.

हौज कटोऱ्याला पोचलो तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. आजूबाजूला शेतं, संत्र्यांची झाडं. गाडी थोडी अलीकडे लावून चालत गेलो. बाबा काठी टेकत, मधे दोनदा थांबत. मग तो समोर आला. मी फोटो बघून गेलो होतो, तरी थबकलो. एवढी देखणी इमारत आणि आजूबाजूला चिटपाखरू नाही. ना तिकीट, ना चहाची टपरी, ना सेल्फीवाले. पूर्वी हौद भरलेला असताना कमानींची सावली पाण्यात पडत असेल, तेव्हा काय दिसत असेल! सुलतान मंडळी उन्हाळ्याच्या संध्याकाळी इथे गार वाऱ्याला बसत असतील. वऱ्हाडातला मे महिना ज्याने काढलाय त्याला अशा इमारतीचं कारण वेगळं सांगावं लागत नाही.

बाबा काठावर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तवा परतवाड्याले सायकल भाड्यानं भेटे."

एवढंच. गणित त्यांनी मनात केलं असणार. स्टँडवरून सायकलने जाऊन-येऊन अर्धा तास. गाडीच्या थांब्यात सहज बसलं असतं.

वाटेने एक शेतकरी जात होता. थांबला, कुठून आले विचारलं. नांदगाव पेठ म्हटल्यावर हसला. "एवढ्या जवळून? इथं त पुण्या-नागपूरचे येते कधी कधी." बाबांनी त्याला विचारलं, तुमचं शेत कुठे, संत्रा काय भावाने गेला. दोघांची गट्टी जमली. निघताना त्याने पिशवीभर संत्री दिली आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. एक्सेलमधे जेवणाच्या कॉलमला मी अचलपूरला पाच दिले होते. ते सात करायला हरकत नाही.

परत येताना बाबांना शकुंतलेचं स्टेशन बघायचं होतं. लहानपणी ते मुर्तिजापूरहून या गाडीने एकदा आले होते. तेव्हा वाफेचं इंजिन होतं, ते १९९४ पर्यंत चाललं. "गाडी इतकी हळू का, उतरून बोरं तोडा अन् पुढच्या डब्यात चढा." ही गोष्ट विदर्भातला प्रत्येक माणूस शकुंतलेबद्दल सांगतो. बाबाही दर वेळी तितक्याच उत्साहाने सांगतात.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. चुलतभाऊ येऊन बसला होता. त्याचं हायवेला पंक्चरचं दुकान आहे. मी त्याला अचलपूरचं रस्त्याचं प्रकरण सांगितलं. हमरस्ता बाजूने गेला, रेल्वे बाजूने गेली, आणि राजधानीचा तालुका झाला. मला वाटलं होतं तो म्हणेल, छान. तो म्हणाला, "मंग आपलंही तसंच होते काय?"

मला हे सुचलंच नव्हतं. आमच्या गावाचं सगळं नागपूर-मुंबईच्या जुन्या हायवेवर उभं आहे. हॉटेलं, पंक्चरवाले, रसवंत्या. डिसेंबर २०२२ मधे समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, २०२५ मधे तो मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण झाला. आणि तो आमच्यावरून जात नाही. तो जिल्ह्याच्या दक्षिणेकडून, धामणगाव आणि नांदगाव खंडेश्वरच्या बाजूने जातो. म्हणजे शेवटी रस्ता त्या दुसऱ्या नांदगावला मिळाला! भाऊ म्हणतो, रात्रीच्या मुंबईच्या ट्रॅव्हल्स पहिल्यासारख्या दिसत नाहीत. एमआयडीसीचे ट्रक आहेत म्हणून चाललंय.

मी काहीतरी आकडेवारी काढून बोलणार होतो, तेवढ्यात बाबा म्हणाले, "विनंती थांबा पाह्यला का तुनं?"

एसटीने फिरलेल्यांना माहीत असेल. अधिकृत थांबा सगळ्या गाड्यांचा. विनंती थांब्यावर गाडी आपणहून थांबत नाही. कोणी हात दाखवला तर थांबते, किंवा आतल्याने घंटी मारायला सांगितली तर.

"अचलपूरचं तेच झालं," बाबा म्हणाले. "पयले सगळ्या गाड्या थांबे. आता हात दाखवा लागते."

भाऊ म्हणाला, "अन् कोणी हात नाही दाखोला त?"

"मंग गाडी निंगून जाते. त्यात डायवरचा काय दोष?"

यावर कोणी काही बोललं नाही. आईने संत्री सोलून सगळ्यांच्या हातात दिली.

तर मंडळी, कोणी विचारलं की दोन्हीपैकी कुठे जाऊ, तर माझं उत्तर असं. तुम्ही पुण्या-मुंबईहून निघत असाल, दोन-तीन दिवस असतील, तर बऱ्हाणपूर करा. भुसावळहून रेल्वेने ते पन्नास-पंचावन्न किलोमीटर आहे, आणि ते तुम्हाला निराश करणार नाही. पण तुमचं घर अमरावती, अकोला, यवतमाळ, कुठेही वऱ्हाडात असेल तर आधी अचलपूर. सकाळी लवकर जा, पाण्याची बाटली बरोबर ठेवा, आणि घरात कोणी त्या रस्त्यावर नोकरी केलेलं असेल तर त्यांना पुढच्या सीटवर बसवा. हातात अजून एक दिवस असेल तर वर चिखलदऱ्याला गाविलगड आहे, आणि परतवाड्याजवळच, मध्य प्रदेशच्या हद्दीत, मुक्तागिरीची ५२ जैन मंदिरं. मुक्तागिरीला पायऱ्या भरपूर आहेत, गुडघेवाल्यांनी विचार करून जावं.

बऱ्हाणपूरचं म्हणाल तर जानेवारीतला एक शनिवार-रविवार पकडलाय. बडनेऱ्याहून रेल्वेने, भुसावळला बदलून, म्हणजे घाटाचा त्रास नाही. बाबांनी शेजारच्या काकांना कळवूनही टाकलंय. कुंडीत मी एकटा उतरणार, ते वर बसून तापीच्या हवेत जिलेबी खाणार. आईसाठी वेगळी अर्धा किलो.